आरशाचं कपाट आणि पाव्हण्यांची इंग्रजी

परभाषेतला पिक्चर तुम्ही कसा पाहता, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. भाच्या-पुतण्यांना वाटतं, पडद्याखाली धावणारी अक्षरं मी भराभरा वाचत असणार. मी वाचत नाही. अक्षरांच्या मागे लागलं की माणसाचा चेहरा निसटतो. जपानी म्हातारा असो नाहीतर रशियातली पोस्टात काम करणारी बाई, मी आधी त्यांचे हात बघते, मग डोळे, आणि मग त्यांच्या घरात चूल कुठे मांडलीय ते. तेवढ्यावर माझं छान भागतं. हे मला कुठल्या शहाण्या मंडळाने शिकवलेलं नाही. जळगावच्या एका थेटरात, दोन रविवारी सकाळी, लाकडी खुर्चीवर बसून मी ते शिकले, आणि त्यात माझ्या वडिलांचा मोठा हात होता. वडिलांना मराठीसुद्धा लिहायला सही करण्यापुरतंच येत होतं.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमचं गाव रावेरजवळ, घरची केळी. मी जळगावला मुलींच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले होते आणि आता घरी बसून लग्नाची वाट पाहत होते. म्हणजे घरचे पाहत होते. मी वाट पाहत होते ती पुढच्या पिक्चरची. बोर्डिंगात आमच्या बाई महिन्यातून एकदा सकाळच्या खेळाला रांगेने घेऊन जायच्या. हिंदी, मराठी, कधी एखादा इंग्रजी. गावात परतल्यावर ते सगळं बंद झालं, आणि मला ते जेवणातलं मीठ गेल्यासारखं वाटे.

पाहायला येणाऱ्यांनी तोवर माझे बरेच खेळ करून घेतले होते. एकांनी चालून दाखवायला सांगितलं. एकांनी सुईत दोरा ओवायला लावला, डोळे तपासायला. एक आजोबा म्हणाले, मोठ्याने वाच, आणि पंचांग पुढे केलं. मी वाचलं. मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

आणि मग धुळ्याहून हा आला. मूळचा आमच्याच भागातल्या घरातला, पण वडिलांच्या नोकरीमुळे धुळ्यात वाढलेला, तिथेच कचेरीत कारकून, बी.ए. झालेला. उंच, मान थोडी पुढे काढून बसणारा. त्याच्या बरोबरच्या मंडळींनी नेहमीचे सगळे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, तुलाही काही विचारायचं तर विचार. त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, "तुम्हाला पिक्चर आवडतात का?"

मी मान खाली घालून म्हटलं, "हो. फार."

तो हसला. मला तिथल्या तिथे वाटलं, हाच. खोटं कशाला बोलू? मला हाच हवा होता, आणि तो हातचा जाऊ नये म्हणून त्या रात्री मी देवापुढे चक्क दोन वाती जास्तीच्या लावल्या.

पण आमचे आबा, म्हणजे माझे वडील, वेगळंच रसायन होते. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "पोराले इंग्रजी येते म्हने. कोन पाह्यलं?"

आत्या म्हणाली, "अरे, बी.ए. हाये ना थो. कागद दाखोला त्यानं."

"कागद त माह्या बैलाच्या नावानं बी छापून भेटते."

आबांचं इंग्रजीवर फार प्रेम होतं, न येणाऱ्या माणसाचं असतं तसं. केळीच्या वाघिणींबद्दल रेल्वेची पत्रं यायची ती इंग्रजीत. ती वाचायला पोस्टमास्तरांकडे जावं लागे, आणि पोस्टमास्तर वाचता वाचता मध्येच गप्प होऊन खिडकीबाहेर बघायचे. ते नेमकं काय गिळतात, ही आबांना कायमची रुखरुख. तेव्हा जावई इंग्रजी जाणणारा हवा, आणि ती जाणतो हे आबांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. ते म्हणाले, "आपली पोर चालून दाखोते, सुईत दोरा ओवून दाखोते. मंग पोराची बी परीक्षा झाली पाह्यजे. जळगावले रैवारी इंग्रजी पिक्चर लागते. पाव्हणे बसतीन आपल्याजोळ. थो काय म्हन्ते, ते काय म्हन्ते, सांगतीन आपल्याले. मी ऐकीन."

मला ही कल्पना एकदम न्याय्य वाटली. शिवाय पिक्चर होता! मी ताबडतोब म्हटलं, मी पण येणार. माय म्हणाली, असं कुठे असतं का? आत्या म्हणाली, मी असताना काय बिघडते? केळीची कापणी चालू होती म्हणून माय घरी राहिली, आणि आबा, आत्या अन् मी असे आम्ही तिघं निघालो. आत्याने डब्यात वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या घेतल्या आणि शिवाय पिकल्या केळ्यांची एक फणी. परीक्षेला निघालो होतो, उपाशी कसे जाणार?

तो धुळ्याहून चाळीसगावला गाडी बदलून वेळेवर आला होता. स्टेशनवर आबांच्या पाया पडला. आबांनी परीक्षा समजावून सांगितली तेव्हा त्याचा चेहरा खुलला. इंग्रजी पुस्तकं त्याने पोतंभर वाचली होती. थेटराच्या दारावरच्या चित्रात घोड्यावर बसलेला तलवारवाला होता. तो म्हणाला, "सोपं आहे, आबा."

आतमध्ये आम्ही धरून पंधरा-वीस माणसं असतील. मधल्या रांगेत आबा, त्यांच्या डाव्या हाताला तो, उजवीकडे आत्या आणि आत्याच्या पलीकडे मी. दिवे गेले. घोडा नाही, तलवार नाही. पडद्यावर डोंगरातलं एक गाव आलं, आणि एक म्हातारा गाढवाच्या गाडीवर भलंमोठं लाकडी कपाट चढवत होता. कपाटाच्या दाराला आरसा. शेजारच्या बाया काही तरी ओरडून बोलत होत्या, तोही उत्तर देत होता.

"काय म्हन्ते थो?" आबांनी विचारलं.

"तो म्हणतो... कपाट जड आहे."

"हे त मले बी दिसून राह्यलं. पुढं?"

"पुढे... तो सुतार आहे, आबा. कपाट एका श्रीमंत माणसाला पोचवायला निघालाय."

मी कान टवकारले. बोर्डिंगातल्या इंग्रजी पिक्चरांतलं मला सगळं कधीच कळलं नव्हतं, पण 'येस', 'नो', 'कम', 'गो' एवढं गळाला लागायचंच. इथे एकही मासा लागेना. बोलणं गाण्यासारखं वरखाली होत होतं, प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर लोंबत होता. दहा मिनिटं मी जिवाचा कान केला आणि मग मला कळलं, ही इंग्रजी नाहीच. जगात गोऱ्या माणसांच्या आणखी भाषा आहेत, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होतं. आबांना आणि आत्याला ते सांगितलं असतं तरी पटलं नसतं. गोरा माणूस तोंड उघडतो ते इंग्रजीच बोलायला, असा आमच्या गावाचा हिशेब.

आणि तो? मी आत्याच्या पाठीमागून वाकून पाहिलं. थंडीचे दिवस, तरी तो रुमालाने मान पुसत होता. त्याला बहुतेक वाटत होतं की आपलीच इंग्रजी आटली.

एवढ्यात पडद्यावर दुसरंच गाव आलं. एका घरात चार-पाच बाया एका तरुण मुलीला पांढरेशुभ्र कपडे नेसवत होत्या. एक म्हातारी डोळे पुसत होती. लांबून घंटा वाजत होत्या.

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं माय! पांढरं नेसोलं पोरीले! नवरा मेला वाटते तिचा. एवढीशी पोर!" आणि त्याच्याकडे वळून, "हो ना, पाव्हणे?"

आता बी.ए. झालेल्या माणसाला गोऱ्यांची नवरी पांढरं नेसते हे ठाऊक नसेल का? असणारच. पण वडीलधाऱ्या बाईचं बोलणं खोडायचं, तेही परीक्षेत, तेही पडद्यावरचं एक अक्षर कळत नसताना! तो म्हणाला, "हो, आत्या. नवरा वारला."

झालं. तिथून बिचाऱ्याची गाडी घसरली ती घसरलीच. बाया मुलीच्या केसांत फुलं खोवू लागल्या. आत्या म्हणाली, हे काय? तो म्हणाला, "शेवटचा शृंगार." मोठमोठी भांडी चुलीवर चढली. तो म्हणाला, "तेराव्याचं जेवण." मग अंगणात माणसं जमली, कुणी पेटीसारखं वाद्य वाजवू लागलं आणि सगळे हातात हात घालून नाचायला लागले.

"नवरा मेला अन् हे नाचून राह्यले?" आत्या संतापली.

"त्यांच्यात तशी रीत आहे, आत्या."

आबा गंभीरपणे म्हणाले, "लोकच उलटे."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तेवढ्यात कोटाला फूल लावलेला एक तरणाबांड माणूस येऊन त्या मुलीसमोर उभा राहिला. आबांनी विचारलं, "हा कोन?" डावीकडून अगदी बारीक आवाजात आलं, "दीर."

आणि दिराने तिच्या गालाचा मुका घेतला. आत्याने दोन्ही डोळे गच्च मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच मला एक केळं दिलं.

मला हसू आवरत नव्हतं, तरी ते आवरायलाच हवं होतं. एक शब्द बोलले असते तर परीक्षा तिथेच संपली असती, आणि धुळ्याचा हा माणूस दुपारच्या गाडीने कायमचा परत गेला असता. मी गप्प बसले. आबांशी मी तोवर कधी लबाडी केली नव्हती. ती पहिली.

पण हळूहळू एक गंमत घडू लागली. पिक्चर पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे वळला. तो दोराने कपाट बांधत होता. त्याचे हात पडद्याएवढे मोठे दिसले, नखांत माती, बोटं जाडजूड. आबा पुढे सरकले. "गाठ चुकली त्याची," ते म्हणाले. "दोर खालून घ्याले पाह्यजे होता. उतारावर सुटते पाहा."

आणि उतारावर दोर सुटला. कपाट कलंडलं, गाढव बसकण मारून बसलं, चाक मोडलं. आबांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हन्लं नव्हतं!" जन्मभर बैलगाडीत केळीचे घड रचलेला माणूस तो. त्या म्हाताऱ्याचं पुढचं सगळं आबांना आधीच कळू लागलं. आता तो खांदा बदलेल. आता त्याला तहान लागेल. आता तो कपाट तिथेच टाकेल, पण आरशाचं दार सोडणार नाही. पाव्हण्यांना ते काही विचारेनासेच झाले. उलट तेच त्याला सांगत होते आणि तो मान डोलवत होता. मीही ऐकणं सोडून पाहू लागले. इतका वेळ मला दिसलंच नव्हतं की त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत करड्या रंगाच्या किती तऱ्हा आहेत, धुळीचा वेगळा, सकाळच्या भिंतीचा वेगळा.

मग ते आलं. म्हातारा आरशाचं दार पाठीवर बांधून चढण चढत होता. अगदी वाकलेला. वर देवळाच्या पायरीवर ती पांढऱ्या कपड्यातली मुलगी उभी. तिने खाली पाहिलं. तिला म्हातारा दिसलाच नाही. तिला दिसली रस्त्याने वर येणारी एक नवरी, ती स्वतः, आरशातली, डुलत डुलत जवळ येत असलेली. आणि मग आरशाच्या खाली तिला दोन धुळीने भरलेले पाय दिसले.

आबांनी त्याला कोपराने ढोसलं. "पाव्हणे, सांगा. काय म्हन्ते ते?"

तो म्हणाला, "आबा, आता मी काही सांगत नाही. तुम्ही बघा."

मुलगी पायऱ्यांवरून धावत सुटली. आबांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि ते तिथेच ठेवलं. आत्या हळूच म्हणाली, "बाप हाये थो तिचा." ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर उन्हात आल्यावर आम्ही चहाला उभे राहिलो. थेटराचे मॅनेजर प्रत्येकाची माफी मागत होते, मुंबईहून पेटी बदलून आली, कुठल्या देशाचं रीळ आहे तेही ठाऊक नाही म्हणून. ते आमच्यापर्यंत पोचायच्या आत त्याने कप खाली ठेवला. चेहरा पांढराफटक. आतापर्यंत पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस आबांपुढे एकदम धुळ्यात उचललेल्या अहिराणीवर आला.

"आबा, ती इंग्रजी नव्हती. माले काहीच समजनं नही. मी सांगं ते बठ्ठं खोटं शे."

आत्या म्हणाली, "म्हन्जे पोरीचा नवरा मेला नव्हता?"

"नाही, आत्या. ते लग्न होतं."

"अन् थो दीर?"

"नवरा."

आता बोलायचं की नाही? पाहायला आलेल्या मुलापुढे मुलीने तोंड उघडायचं नसतं. तरी मी म्हटलं, "आबा, मले बी माहीत होतं. सुरुवातीपासून. मी सांगितलं नही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग "गाडीची वेळ झाली" एवढंच म्हणून ते चालू लागले. भुसावळपर्यंत बोलले नाहीत. रावेरपर्यंत बोलले नाहीत. मी खिडकीबाहेर बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी इंजिनाच्या कोळशावर ढकलत होते. दोन लबाडांना आबांनी एकाच वेळी पकडलं होतं, आणि त्यातला एक मला हवा होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कार्ड लिहायला बसवलं. "लिव्ह. येत्या रैवारी जळगावले यावे. तोच पिक्चर हाये." मी विचारलं, "आणि काय लिहू?" म्हणाले, "बस, तेवढंच." होकार की नकार, कार्डावरून मलाच कळेना, तिकडे त्याला काय कळणार?

आबांनी भुसावळच्या ओळखीच्या माणसाकडून चौकशी करवली होती. बरोबर पेटी आली नव्हती म्हणून मॅनेजर तेच रीळ पुन्हा चालवणार होते. माणसं मागच्या रविवारपेक्षाही कमी. दारातच आबांनी कायदा सांगितला. "आज कोनी तोंड उघडायचं नही. आत्या, तू बी नही. पाव्हणे, तुम्ही पुढच्या रांगेत बसा. जोळ बसले की सांगावंसं वाटते."

तो मुकाट्याने पुढे जाऊन बसला, बरोबर आबांच्या समोर. आम्ही तिघं मागे. तासभर कुणी चकार शब्द काढला नाही. गाठ चुकली तेव्हा आबांचे हात नुसतेच हवेत हलले. दिराने, म्हणजे नवऱ्याने, मुका घेतला तेव्हा आत्याने एकच डोळा मिटला. मला आज ते सगळं पहिल्यापेक्षा दुप्पट सुंदर दिसत होतं. आणि तरी मी निम्मा वेळ पुढच्या रांगेतल्या त्या मानेकडे बघत होते. तिचं काय होणार, ते ठरवणारा माणूस माझ्याशेजारी दगडासारखा बसला होता.

म्हातारा चढण चढू लागला. पाठीवर आरसा, आरशात आभाळ. पुढच्या रांगेतला तो बिचारा भान विसरून पुढे वाकला, मान लांब केली, आणि त्याचं डोकं बरोबर देवळाच्या पायरीवर आलं.

आबांनी हात लांब करून त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. स्वतःचा कायदा स्वतःच मोडत, सगळ्या थेटराला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "जवाईबुवा, डोकं खाली घ्या. पोर दिसत नही."

त्याने डोकं इतकं खाली घेतलं की उरलेला पिक्चर त्याला दिसलाच नसणार. मी अंधारात आत्याचा हात घट्ट धरला. तिला बोलायची बंदी होती, म्हणून तिने नुसता माझा हात दाबला, आणि शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत सोडला नाही.